दोन जॉन्सन: अमेरिकेत उपाध्यक्षपदाचा उमेदवार कोणत्या निकषावर निवडावा?

सांजवेळ (धागा सुरू करताना)

४ मार्च १८६५ रोजी अब्राहम लिंकन यांनी दुसऱ्यांदा अध्यक्षपदाची शपथ घेतली. त्याच्या थोडे आधी सिनेटच्या सभागृहात उपाध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांचा शपथविधी झाला होता. जॉन्सन नुकतेच आजारातून उठले होते, अंगात बळ यावे म्हणून त्यांनी व्हिस्की घेतली होती आणि ती अशी चढली की भाषण भरकटत गेले, लांबत गेले, आणि समोर बसलेल्यांनी माना खाली घातल्या. एका दिवसाच्या पिण्यावरून मी कोणाची पारख करणार नाही. पण सहाच आठवड्यांनी लिंकन यांची हत्या झाली आणि सुमारे चाळीस लाख मुक्त गुलामांचे भवितव्य ठरवायचे काम या गृहस्थांच्या हाती आले, ही गोष्ट मला आजही अस्वस्थ करते.

जॉन्सन तिकिटावर, म्हणजे अध्यक्ष-उपाध्यक्षांच्या जोडउमेदवारीत, आले ते केवळ मतांच्या बेरजेसाठी. १८६० च्या निवडणुकीत लिंकन यांच्याबरोबर मेनचे हॅनिबल हॅम्लिन होते, आणि ते गुलामगिरीचे ठाम विरोधक होते. १८६४ च्या जूनमध्ये बाल्टिमोरला भरलेल्या पक्षाच्या अधिवेशनाने त्यांना बाजूला केले आणि टेनेसीचे, मूळचे डेमोक्रॅट असलेले जॉन्सन घेतले, कारण दक्षिणेविरुद्धच्या यादवी युद्धाला पाठिंबा देणाऱ्या डेमोक्रॅटांची आणि सीमावर्ती, म्हणजे गुलामगिरी असूनही संघराज्यात राहिलेल्या, राज्यांची मते हवी होती. प्रत्यक्षात लिंकन २१२ विरुद्ध २१ अशा निर्वाचक मतांनी (प्रत्येक राज्याच्या वाट्याची ठरलेली मते, जी बहुतेक ठिकाणी त्या राज्यात जिंकणाऱ्याला सगळी मिळतात) निवडून आले, आणि टेनेसीची मते तर काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, मोजलीसुद्धा नाहीत. उलट जॉन्सन यांनी १८६६ मध्ये कृष्णवर्णीयांना नागरी हक्क देणाऱ्या विधेयकावर नकाराधिकार वापरला. काँग्रेसने तो मोडून काढला. पण दक्षिणेतील जुन्या मालकवर्गाला डोके वर काढायला जो वेळ मिळायचा तो मिळून गेला होता.

आतापर्यंत ४५ व्यक्ती अमेरिकेच्या अध्यक्ष झाल्या आहेत. त्यांपैकी ९ जण आधीच्या अध्यक्षाच्या मृत्यूमुळे किंवा राजीनाम्यामुळे पहिल्यांदा त्या खुर्चीत बसले, म्हणजे पाचांतला एक. असे असताना ही निवड कोणते राज्य जिंकून मिळेल या हिशेबाने करणे मला बेजबाबदारपणाचे वाटते. शिवाय तो हिशेबही जमत नाही. १९८८ मध्ये टेक्ससचे लॉइड बेंट्सन असूनही डुकाकिस टेक्सस हरले, २००४ मध्ये जॉन एडवर्ड्स असूनही केरी नॉर्थ कॅरोलायना हरले, आणि २०१२ मध्ये पॉल रायन असूनही रॉम्नी विस्कॉन्सिन हरले. म्हणून माझे म्हणणे असे की निकष एकच हवा: उद्या सकाळी शपथ घ्यावी लागली तर हा माणूस अध्यक्ष होण्याच्या योग्यतेचा आहे का? बाकीच्यांचे मत वाचायला आवडेल.

गणिती

सांजवेळताई, तुमची तळमळ पटते, पण निष्कर्ष पटत नाही. तुम्ही एक जॉन्सन सांगितलेत, मी दुसरे सांगतो.

१९६० च्या जुलैमध्ये लॉस एंजेलिसच्या अधिवेशनात जॉन केनेडी यांना ८०६ मते पडली आणि लिंडन जॉन्सन यांना ४०९. दोन्ही गटांत कटुता एवढी होती की जॉन्सन यांचे नाव ठरल्यानंतरही केनेडींचे भाऊ रॉबर्ट हॉटेलात त्यांच्या खोलीवर जाऊन, ते माघार घेतील का, हे चाचपून आले. तरीही केनेडींनी त्यांना घेतले ते टेक्सससाठी आणि दक्षिणेसाठी, यात लपवण्यासारखे काही नाही. आता आकडे पाहू. केनेडींना ३०३ निर्वाचक मते मिळाली आणि २६९ ची गरज होती. टेक्ससची २४ वजा केली तरी २७९ उरतात, म्हणजे ते जिंकलेच असते, असे तुम्ही म्हणाल. पण जॉन्सन यांनी आगगाडीने ज्या दक्षिणेत दौरा केला त्यातील नॉर्थ कॅरोलायनाची १४ आणि साउथ कॅरोलायनाची ८ मतेही वजा करा, २५७ उरतात. बॉस्टनचा तरुण कॅथलिक उमेदवार दक्षिणेच्या आधाराशिवाय जिंकला असता, असे मी तरी छातीठोकपणे म्हणणार नाही.

आणि मतांसाठी घेतलेल्या याच माणसाने, केनेडींच्या मृत्यूनंतर अध्यक्ष झाल्यावर, १९६४ चा नागरी हक्क कायदा मंजूर करून घेतला.

तुमच्या लिंकनबाबतच्या हिशेबातही एक गोष्ट राहून गेली आहे. २१२ विरुद्ध २१ हा नोव्हेंबरचा निकाल आहे आणि निवड जूनमध्ये झाली होती. ऑगस्टमध्ये तर खुद्द लिंकन यांनी आपण बहुधा हरणार, असे लिहून ठेवले होते. सप्टेंबरात दक्षिणेचे अटलांटा शहर लिंकन यांच्या सैन्याच्या हाती पडले आणि वारे फिरले. निकाल हाती आल्यावर, बेरजेची गरजच नव्हती, असे म्हणणे सोपे आहे.

मुळात बेरीज करणे हे लोकशाहीतले हलके काम नाही. जिथे अनेक पक्ष असतात तिथे निकालानंतर आघाडी होते. अमेरिकेत दोनच मोठे पक्ष असल्यामुळे ती आघाडी निकालाआधी, तिकिटावरच करावी लागते. त्यांच्या घटनेलाही हे अभिप्रेत असावे, कारण बाराव्या दुरुस्तीनुसार कोणत्याही राज्यातील निर्वाचक आपल्याच राज्यातील दोघांना दोन्ही पदांसाठी मते देऊ शकत नाहीत. २००० साली टेक्ससच्याच जॉर्ज डब्ल्यू. बुश यांचे सहउमेदवार असलेल्या, टेक्ससमध्ये राहणाऱ्या डिक चेनी यांनी याच कारणासाठी आपली मतदार नोंदणी वायोमिंगला हलवली. बुश यांना २७१ मते मिळाली आणि त्यांत टेक्ससची ३२ होती, हे लक्षात घेतले म्हणजे त्या एका अर्जाचे मोल कळते.

लीहाय खोऱ्यातून

मी पेनसिल्व्हेनियात राहते, म्हणून २०२४ बद्दल लिहिते. बायडन यांनी २१ जुलैला माघार घेतली आणि ६ ऑगस्टला हॅरिस यांनी मिनेसोटाचे गव्हर्नर टिम वॉल्झ यांचे नाव जाहीर केले. आमचे गव्हर्नर जॉश शपिरो मागे पडले. निकालानंतर आमच्याकडच्या प्रत्येक जेवणात एकच वाक्य ऐकू येत होते, की शपिरो असते तर जिंकलो असतो. पण हॅरिस यांना २२६ मते मिळाली. त्यांत आमची १९ घातली तरी २४५ होतात आणि लागतात २७०. मिशिगनची १५ आणि विस्कॉन्सिनची १० सुद्धा मिळाली असती तर नेमकी २७० झाली असती, पण दुसऱ्याच राज्याचा गव्हर्नर पाहून मिशिगनचा माणूस मत का बदलेल?

ऑक्टोबरमध्ये मी चार शनिवार घरोघर फिरले. लोक दार उघडून किराण्याच्या भावाबद्दल बोलत, घरभाड्याबद्दल बोलत. एका बाईंनी बिलांची चळत दारातच आणून दाखवली. वॉल्झ किंवा ट्रम्प यांचे सहउमेदवार व्हॅन्स यांचे नाव मला फक्त दोघांनी विचारले, आणि त्या दोघांचीही मते आधीच ठरलेली होती. म्हणून राज्याच्या हिशेबाबाबत मी सांजवेळ यांच्या बाजूने आहे.

लिंडन जॉन्सन यांच्याबाबत मात्र मी गणिती यांच्या बाजूने आहे, आणि त्याला घरचे कारण आहे. ३ ऑक्टोबर १९६५ रोजी स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्यापाशी बसून त्यांनी स्थलांतराच्या कायद्यावर सही केली. त्याआधी भारतातून येणाऱ्यांसाठी वर्षाला १०० जणांचा कोटा होता. माझे वडील १९६९ साली सांगलीहून इंजिनियर म्हणून इथे आले ते त्या कायद्यामुळेच. टेक्ससच्या मतांसाठी निवडलेल्या माणसाची ती सही आहे, हे मी विसरू शकत नाही.

सांजवेळ

गणिती यांचे लिंकनविषयीचे म्हणणे मान्य करते. जूनमध्ये काय दिसत होते, हे मी विचारात घ्यायला हवे होते.

तुमचे प्रतिसाद वाचून दोन्ही जॉन्सन शेजारी ठेवून पाहिले, तेव्हा माझा निकषच लंगडा आहे असे लक्षात आले. मी योग्यता म्हटले होते. पण कागदावर अँड्र्यू जॉन्सन अयोग्य नव्हतेच. ते गव्हर्नर होते, सिनेटर होते आणि फुटून निघालेल्या राज्यांतील सिनेटरांपैकी सभागृहात टिकून राहिलेले ते एकटे होते. अनुभव आणि धैर्य दोन्ही होते. फरक पडला तो दुसऱ्याच ठिकाणी. संघराज्य टिकावे याबाबत त्यांचे आणि लिंकन यांचे एकमत होते, पण कृष्णवर्णीय माणूस नागरिक म्हणून बरोबरीचा आहे का, या युद्धानंतरच्या सर्वांत मोठ्या प्रश्नावर ते अगदी दुसऱ्या टोकाला होते. लिंडन जॉन्सन यांनी मात्र केनेडींच्या मृत्यूनंतर पाचच दिवसांनी काँग्रेसपुढे उभे राहून, नागरी हक्कांचे विधेयक लवकरात लवकर मंजूर करणे हीच केनेडींना खरी श्रद्धांजली, असे सांगितले. म्हणून मी निकष बदलते. सहउमेदवार कोणत्याही राज्यातला असो, ज्या प्रश्नावर लोक अध्यक्षाला मत देत आहेत त्या प्रश्नावर त्या दोघांचे एकमत हवे.

अर्धविराम

निकषांची चर्चा चांगली आहे, पण ते लावणार कोण? आज ही निवड एकटा उमेदवार करतो, चार वकिलांच्या मदतीने, बंद दाराआड, आणि अधिवेशन फक्त टाळ्या वाजवते. १९५६ मध्ये अ‍ॅडलाय स्टीव्हन्सन यांनी हा निर्णय शिकागोच्या अधिवेशनावर सोपवला. तिथे केफॉव्हर आणि केनेडी यांच्यात खरी लढत झाली आणि केफॉव्हर निवडले गेले. अध्यक्ष होण्याची एवढी शक्यता असलेल्या माणसाला निदान प्रतिनिधींनी तरी खुलेपणाने निवडावे, असे मला मनापासून वाटते.

गणिती

अर्धविराम यांना विरोध नोंदवतो. तुमच्या सूचनेत एक धोका आहे. तिकिटावर जॉन्सन यांना बसवणारी बाल्टिमोरची सभा हेही अधिवेशनच होते. जबाबदारी शेकडो प्रतिनिधींवर टाकली म्हणजे चूक कोणाचीच राहत नाही.

घाईबाबत मात्र तुमच्याशी सहमत आहे. १९७२ मध्ये मॅक्गव्हर्न यांनी टॉमस ईगलटन यांना अधिवेशनाच्या धामधुमीत निवडले. नैराश्यासाठी त्यांना विजेचे झटके देऊन उपचार झाले होते, हे नंतर बाहेर आले आणि १८ दिवसांत त्यांना तिकीट सोडावे लागले. त्याउलट १९७६ मध्ये कार्टर यांनी आधीपासून चौकशी केली, काही जणांना जॉर्जियातील आपल्या गावी बोलावून त्यांच्याशी सावकाश बोलणे केले आणि मग मॉन्डेल यांना घेतले. उमेदवाराने वेळ काढला की निवड चांगली होते, त्यासाठी मतदानाची गरज नाही.

आता सांजवेळताईंच्या नव्या निकषाबद्दल. एकमत हवे म्हणता, तर १९८० चे काय? रेगन यांनी उपाध्यक्षपदासाठी घेतलेल्या जॉर्ज बुश (वर आलेल्या बुश यांचे वडील) यांनी प्राथमिक फेरीत रेगन यांच्या अर्थनीतीला जादूटोण्याचे अर्थशास्त्र म्हटले होते, आणि त्या निवडणुकीतला तर तोच मुख्य प्रश्न होता. तुमच्या निकषावर बुश बाद झाले असते. ३० मार्च १९८१ रोजी, शपथविधीला अडीच महिनेही झाले नसताना, रेगन यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. बुश टेक्ससहून विमानाने परतले. हेलिकॉप्टर थेट व्हाइट हाउसच्या हिरवळीवर उतरवावे, असे त्यांना सुचवण्यात आले. त्यांनी नकार दिला, कारण तिथे उतरण्याचा मान अध्यक्षाचा. धोरणावर मतभेद असलेला, पण आपली जागा ओळखणारा माणूस मला एकमताच्या माणसापेक्षा अधिक भरवशाचा वाटतो.

सांजवेळ

बुश त्या संध्याकाळी जसे वागले त्याबद्दल मलाही आदर आहे. पण रेगन वाचले, त्यामुळे त्या मतभेदाची परीक्षा तेव्हा झालीच नाही. लिंकन गेल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यांत अँड्र्यू जॉन्सनही संयमाने वागले होते. लिंकन यांच्या रिपब्लिकन पक्षातील जहाल गटाला तर आपल्याला हवा तसा अध्यक्ष मिळाला असे वाटत होते, आणि तसे ते उघड बोलूनही दाखवत होते. मग २९ मे १८६५ रोजी जॉन्सन यांनी बंडात सामील झालेल्या बहुसंख्य दक्षिणवासीयांना, गुलाम सोडून बाकी मालमत्ता परत देऊन, माफी जाहीर केली. लिंकन जाऊन तेव्हा सहा आठवडे झाले होते.