मदत हवी आहे: मालवणी मसाला हॉटेलला द्यायचाय, दर काय लावू? शुक्रवारपर्यंत उत्तर द्यायचंय

पाटावरवंटा
शेफने मसाला पास केला. आता परचेसवाल्यांचा मेल आलाय: दरपत्रक, फूड लायसन्स, लॅब रिपोर्ट आणि ४५ दिवसांची उधारी मान्य असल्याचं पत्र. महिन्याला ४० किलो. घरगुती गिऱ्हाइकाचाच दर लावू की कमी करू? फक्त दराचं सांगा, बाकीचं मी बघते.

गजालीकार
घरगुती दर किती? किलोला खर्च किती? गाव कुठलं? हे न सांगता आम्ही काय अंगारा लावून दर काढायचा?

पाटावरवंटा
कणकवली. खर्च ५२०, विकते ८०० ने. फूडची नोंदणी आहे, चौदा आकडी नंबर पाकिटावर आहे.

गजालीकार
५२० मध्ये मजुरी धरलीय?

पाटावरवंटा
मी आणि सासूबाईच करतो, मजुरी कसली?

गजालीकार
४० किलोच्या मिरच्यांचे देठ दोघी काढणार? बाई लावावी लागेल. तिची मजुरी, कांडप, पाकीट, गाडीभाडं धरा, मग दर बोला. आणि वर्षभराचा एकच दर लिहून देऊ नका. पावसाळ्यात बेडगी कडाडली की तुम्हीच खिशातून घालाल.

आबा_देवगड
ताई, उधारी अजिबात नको. आमचं कोकम आगळ एका हॉटेलात जायचं. शेफ बदलला, नव्याने दुसरीकडून मागवलं आणि मागची बिलं लटकली. रोख देतील तर द्या.

हिशोबनीस
आबा, रोखीने कुठलं हॉटेल माल घेतं? ताई, उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) करा, फुकट आहे. छोट्या उद्योगांच्या २००६ च्या कायद्याने लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या वर उधारी ठेवता येत नाही, करार नसेल तर १५ दिवस. उशीर झाला तर व्याज. नोंदणीचा नंबर बिलावर छापा. फूडचा नंबरही बिलावर लागतो, नुसता पाकिटावर चालत नाही.

आबा_देवगड
कायदा दाखवलात की पुढची ऑर्डर बंद. व्याज कोणाला मिळालंय सांगा.

तिरफळ
मसाल्यात तिरफळ घालता का? घालत असाल तर तो मालवणी नव्हे. तिरफळ बांगड्याच्या तिखल्यात, ठेचून.

चुलीवरची
आमच्याकडे घालतात थोडं. प्रत्येक घरचा वेगळा असतो हो.

मुंबईकर_माहीम
दादरला अर्धा किलो पोचेल का?

भटारखाना
मी हॉटेलच्या किचनमध्ये आहे. शेफ चवीपेक्षा रंगावर अडतो. सॅम्पलमध्ये बेडगी आणि संकेश्वरीचं जे प्रमाण होतं ते वजन करून लिहून ठेवा, 'अंदाजाने मूठभर' इथे चालत नाही. ऑर्डर पक्की झाली की मिरची हंगामातच एकदम भरा. पाच किलोची पिशवी देऊ नका. वाफेत उघडी राहिली की गुठळ्या होतात आणि बोलणी तुम्हाला. एकेक किलोची पाकिटं द्या, प्रत्येकावर बॅच नंबर. लॅब एनएबीएल (लॅबना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यतेचीच गाठा, आणि चाचण्या कुठल्या हव्यात ते परचेसला आधी विचारा. नाहीतर दोनदा पैसे जातील.

हिशोबनीस
हॉटेल कणकवलीतच ना?

पाटावरवंटा
नाही, कळंगुटला. लिहिलं नव्हतं का?

हिशोबनीस
नव्हतं!! गोवा म्हणजे दुसरं राज्य. राज्यातल्या राज्यात वर्षाला ४० लाखांच्या विक्रीपर्यंत जीएसटी नंबर लागत नाही, पण सीमेपलीकडे माल विकायला पहिल्या किलोपासून लागतो. आहे का?

पाटावरवंटा
नाही. शुक्रवारपर्यंत मिळेल?

हिशोबनीस
शुक्रवार धरू नका. अर्ज आजच टाका आणि परचेसला कळवा की नंबर आल्यावर माल निघेल. दरपत्रकात 'जीएसटी वेगळा' लिहायला विसरू नका.

गजालीकार
आणि गाडीभाडं कळंगुटपर्यंतचं धरा.

पाटावरवंटा
बरं. उधारीच्या पत्रात ४५ च्या जागी १५ लिहिले तर चालतील?

आबा_देवगड
लिहा ३०. ते ४५ ला देतील.