गणित सोडलं म्हणून बीकॉम अडत नाही
ताई, मुलीने अकरावीला मॅथ्स सोडून एसपी (सेक्रेटरिअल प्रॅक्टिस) घेतलं म्हणून बीकॉमचं टेन्शन घेऊ नका, मी पण एसपीवालाच, नाशिकलाच कॉलेज रोडला शिकलो. ट्रिग्नॉमेट्री वगैरे कोणी विचारत नाही हो. अकाउंट्सला लागते ती दहावीपर्यंतची शेकडेवारी अन् गुणोत्तर, म्हणजे 50,000 च्या मशीनवर 10 टक्के घसारा (वापराने दरवर्षी कमी होणारी किंमत) घटत्या पद्धतीने काढायचा तर पहिल्या वर्षी 5,000, दुसऱ्या वर्षी उरलेल्या 45,000 वर 4,500, झालं, (माझी तर बेरीजच चुकायची अन् बॅलन्स शीट काही जुळायची नाही). स्टॅट्सचं (स्टॅटिस्टिक्स, संख्याशास्त्र) मीन, मीडियन सरावाने जमतं. सीए डोक्यात असेल तर मात्र आत्तापासून मॅथ्सच्या अभ्यासाला बसवा तिला, फाउंडेशनच्या (सीएची पहिली परीक्षा) तिसऱ्या पेपरात 100 पैकी मॅथ्सचे 40 अन् स्टॅट्सचे 40, वरून उत्तर चुकलं की पाव मार्क कापतात.