मदत हवी आहे : संधिवात आणि रोज संध्याकाळी भरणारी कसर, हा ताप सांध्यांचाच समजावा का?

नमस्कार. माझे वय ४४ असून मी सातारा जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेत गणित शिकवते. सहा वर्षांपूर्वी मला ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसचे, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटते त्या संधिवाताचे, निदान झाले. आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी या दोन्ही चाचण्या पॉझिटिव्ह आल्या होत्या. दर रविवारी मेथोट्रेक्झेट (प्रतिकारशक्ती दाबणारे औषध) १५ मिलिग्रॅम, त्याच्या जोडीला फॉलिक अ‍ॅसिड आणि रोज हायड्रॉक्सिक्लोरोक्विन, एवढ्यावर गेली तीन वर्षे बरी गेली. खडू धरता येत होता आणि सकाळी डबा स्वतः भरता येत होता, त्यामुळे माझी तक्रार नव्हती.

गेल्या सात आठवड्यांपासून मात्र दुपारी चारच्या सुमारास अंगात कसर भरते. डोळे चुरचुरतात, पाठीवर काटा येतो, आणि शेवटच्या तासाला वर्गात उभे राहताना टेबलाचा आधार घ्यावा लागतो. थर्मामीटर ९९.२ ते ९९.८ अंश फॅरनहाइट दाखवतो आणि १०० च्या अलीकडेच थांबतो. माझी खरी अडचण हीच आहे, कारण १०० च्या खालच्या तापाला आपल्याकडे कोणी ताप म्हणत नाही. सासूबाई याला आमवाताची कणकण म्हणतात आणि आंबट व वांगे बंद करायला सांगतात. शाळेत ‘संधिवात’ हा शब्द ऐकला की लोकांना म्हाताऱ्या माणसाचे गुडघे आठवतात. संधिवातात ताप कुठून आला, असे एका सहकाऱ्याने मला अगदी मनापासून विचारले.

तो कुठून येतो, हे मी समजून घेतले आहे. सांध्यांच्या अस्तराला सूज आली की तिथे इंटरल्यूकिन-६, टीएनएफ यांसारखी प्रथिने तयार होतात; ती रक्तातून फिरत मेंदूतील तापमान सांभाळणाऱ्या केंद्रापर्यंत निरोप पोहोचवतात आणि शरीर आपली ठरलेली पातळी थोडी वर नेते. म्हणजे जंतू नसतानाही ताप येऊ शकतो. पण हेच कारण मला फार सोयीचे वाटू लागले होते, आणि गेल्या आठवड्यापासून त्याच सोयीबद्दल शंका येऊ लागली आहे.

आकड्यांशी रोजचा संबंध असल्याने एक गोष्ट इथे नोंदवते. ९८.६ हा आकडा जर्मन वैद्य वुंडरलिख यांच्या १८६८ च्या ग्रंथातून रूढ झालेल्या ३७ अंश सेल्सिअसचे केवळ रूपांतर आहे. दशांश चिन्हानंतरचा तो ६ मोजमापाच्या अचूकपणातून आलेला नसून गुणाकारातून आलेला आहे. १९९२ साली अमेरिकेत निरोगी तरुण माणसांचे तापमान तोंडात मोजून जो अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात सरासरी ९८.२ आली आणि निरोगी माणसाची वरची मर्यादा ९९.९ पर्यंत गेली; शिवाय पहाटे तापमान सर्वांत कमी आणि संध्याकाळी सर्वांत जास्त असते, हेही त्यात स्पष्ट झाले. या हिशोबाने माझे ९९.६ निरोगीही ठरू शकते. पण माझे सकाळचे तापमान ९७.३ असते. एखाद्याचा पायाच खाली असेल, तर त्याने दोन अंशांपेक्षा जास्त घेतलेली चढण सर्वसाधारण मर्यादेत बसवून सोडून द्यावी का?

तपासण्यांविषयी थोडक्यात सांगते. शरीरातील सूज दाखवणाऱ्या चाचण्यांत ईएसआर ४८ आणि सीआरपी १४, म्हणजे दोन्ही वाढलेले; हिमोग्लोबिन १०.४, म्हणजे कमी; यकृताच्या चाचण्या ठीक. गंमत अशी की सांधे त्या मानाने शांत आहेत. सकाळचा आखडलेपणा वीस मिनिटांत सुटतो, जो वाईट दिवसांत दोन तास राहत असे. पथ्यामुळे वजन तीन किलोंनी उतरले आहे, तेवढाच काय तो फायदा. दुखणे फारसे नसले तरी दुपारच्या शिकवणीआधी मी अ‍ॅसिक्लोफेनॅक आणि पॅरासिटामॉल एकत्र असलेली गोळी घेते, म्हणजे संध्याकाळ निभावते.

आता मूळ प्रश्न. आजार आटोक्यात नसल्याचे हे लक्षण मानून आमच्या डॉक्टरांनी पुढच्या भेटीत टोफासिटिनिब हे प्रतिकारशक्ती आणखी दाबणारे औषध सुरू करण्याचा विचार बोलून दाखवला आहे. माझी भेट तीन आठवड्यांनी आहे. ज्यांना हा आजार आहे आणि ज्यांनी अशी बारीक कसर दीर्घकाळ अनुभवली आहे, त्यांनी ती आजाराची आहे की संसर्गाची, हे ठरवताना कोणत्या गोष्टींवर नजर ठेवली? डॉक्टरांपुढे ते नेमके कसे मांडले? कृपया औषधे सुचवू नयेत. काय विचारावे, एवढेच मला समजून घ्यायचे आहे.

प्रतिसाद

ताई, मला हाच आजार होऊन अकरा वर्षे झाली. सर्वप्रथम एक सांगते : तुम्ही ती गोळी दुपारी घेता आणि ताप संध्याकाळी मोजता. त्या गोळीतील दोन्ही औषधे ताप उतरवणारी आहेत, त्यामुळे वहीतला ९९.८ हा तापाचा आकडा नसून गोळीनंतर उरलेल्या तापाचा आकडा आहे. मी हीच चूक चार महिने केली होती. डॉक्टरांना फोनवर विचारून तीन-चार दिवस गोळीविना काढता येतील का, ते पाहा, आणि रोज त्याच वेळी, त्याच थर्मामीटरने, जिभेखाली मोजा. चहा प्यायल्यावर किमान अर्धा तास थांबा. वहीत तापाशेजारी आखडलेपणाची मिनिटे आणि सुजलेल्या सांध्यांची संख्याही लिहा. दोन्ही रकाने एकत्र वर-खाली होतात की नाही, हे तुमच्यासारख्या गणिताच्या बाईंना पहिल्या आठवड्यातच दिसेल.

प्रतिसाद

मी निवृत्त फिजिशियन आहे. आपणास तपासलेले नसल्याने निदान करणार नाही. तथापि आपल्या लेखनात दोन वाक्ये अशी आहेत की ती आपण ओझरती लिहिली आणि मी दोनदा वाचली. सांधे शांत असताना ताप चालू आहे, हे पहिले. संधिवाताचा ताप सहसा सांध्यांच्या सुजेबरोबर येतो आणि तिच्याबरोबर जातो. सांधे सुधारलेले असूनही ताप आणि सीआरपी वर राहत असतील, तर कारण दुसरीकडे शोधावे लागते. वजन उतरणे, हे दुसरे. आंबट आणि वांगे सोडल्याने तीन किलो वजन कमी होत नाही.

आपल्या देशात प्रतिकारशक्ती दाबणारे औषध घेणाऱ्या रुग्णाला संध्याकाळचा ताप आणि वजनातील घट दिसली, की क्षयरोग वगळल्याशिवाय पुढे जाऊ नये. टोफासिटिनिब काय किंवा टीएनएफ-विरोधी इंजेक्शने काय, ती सुरू करण्यापूर्वी छातीचा एक्स-रे आणि क्षयासाठीची मँटू (त्वचेवरची) किंवा इग्रा (रक्ताची) चाचणी करायचीच असते, कारण शरीरात सुप्त असलेला क्षय या औषधांनी जागा होऊ शकतो. मात्र मँटू आणि इग्रा या चाचण्या केवळ शरीराची क्षयजंतूंशी गाठ पडली आहे का, एवढेच सांगतात, आणि प्रतिकारशक्ती दबलेली असताना त्या खोट्या निगेटिव्हही येतात. त्यामुळे चाचणी निगेटिव्ह आली म्हणून निश्चिंत होऊ नका. फुप्फुसाबाहेरचा क्षयही असतो. मान आणि काख स्वतः चाचपून पाहा, रात्री घामाने कपडे भिजतात का ते आठवा.

आणखी एक इशारा. कोरडा खोकला आणि चालताना धाप अशी लक्षणे तापाबरोबर सुरू झाली, तर तीन आठवडे थांबू नका. मेथोट्रेक्झेटमुळे क्वचित फुप्फुसांना सूज येते आणि त्या वेळी पुढचा डोस घेण्याआधी डॉक्टरांनी तपासणे आवश्यक असते. ताप १०१ च्या वर गेल्यासही तसेच. तो संधिवाताच्या खात्यावर टाकू नये. लघवीची तपासणी आणि दातांची पाहणी या साध्या गोष्टीही राहून जातात, त्या करून घ्या.

प्रतिसाद

माझ्या पत्नीच्या बाबतीत नेमके उलटे घडले, म्हणून लिहितो. दोन महिने सर्व संसर्ग शोधून झाले, काहीही सापडले नाही, आणि औषध वाढवल्यावर तिसऱ्या आठवड्यात ताप गेला. तो शोध वाया गेला असे मात्र आम्हाला कधीच वाटले नाही. शाळेविषयी एक सूचना : ताप किती आहे, हे मुख्याध्यापकांना सांगू नका, आकड्यावरून वाद होतो. शेवटचा तास सकाळच्या तासाशी बदलून मागा.

धागालेखिका

सर्वांची मनःपूर्वक आभारी आहे. डॉक्टरांना फोन करून विचारले आणि त्यांच्या सांगण्यावरून पाच दिवस ती गोळी बंद ठेवली. संध्याकाळचे आकडे अनुक्रमे ९९.९, १००.२, १००.४, १००.१ आणि १००.६ आले, त्याच पाच दिवसांत आखडलेपणा वीस मिनिटांच्या वर गेला नाही. दोन रकान्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही, हे पाहायला आलेख काढण्याचीही गरज पडली नाही.

मान चाचपल्यावर उजव्या बाजूला, कॉलरच्या हाडाच्या थोडी वर, वाटाण्याएवढी गाठ लागली. दुखत नाही, म्हणूनच ती लक्षात आली नसावी. वहीचे फोटो पाठवल्यावर डॉक्टरांनी माझी भेट तीन आठवड्यांऐवजी दुसऱ्याच दिवशी घेतली, टोफासिटिनिबचा विचार थांबवला आणि या रविवारचे मेथोट्रेक्झेटही तूर्त घेऊ नका असे सांगितले. छातीचा एक्स-रे स्वच्छ आहे. मँटू १४ मिलिमीटर, म्हणजे पॉझिटिव्ह, आली आहे, पण लहानपणीच्या बीसीजी लशीचा त्यात थोडाफार हिस्सा असू शकतो, असे ते म्हणाले. त्यामुळे उत्तर गाठीतूनच मिळेल. गाठीतील नमुना सुईने घेऊन तपासणीला पाठवण्याचे मंगळवारी ठरले आहे.

शेवटचा तास बदलून मिळाला आहे. अहवाल आला की इथेच लिहीन.