उन्हाळ्यात घरचा लादीपाव भट्टीत बसतो, ताडीसारखा वास येतो

पीठमीठ
ठिकाण सोलापूर, मे महिना, दुपारी स्वयंपाकघरात ३८ अंश. प्रमाण असं: मैदा २२५ ग्रॅम, ज्वारीचं पीठ ७५, इन्स्टंट यीस्ट सपाट १ चहाचा चमचा (३ ग्रॅम), मीठ ६, साखर १५, तेल २०, कोमट दूध-पाणी मिळून १९५. गोळा दीड तास झाकून ठेवला, पाव वळून साच्यात आणखी पाऊण तास. ओटीजीत (विजेच्या छोट्या भट्टीत) गेल्यावर फुगायचं सोडून बसले. वर सुरकुत्या, २०० अंशांवर २५ मिनिटं ठेवूनही रंग पांढरट, आत आंबूस वास, तळाशी चिकट थर. यीस्टचं पाकीट नवीन आहे. पाणी बोअरचं, जड. दोष पाण्याचा का?

भट्टीपाशी
नाही ओ, पाण्याचा नाही. जड पाण्याने कणीक उलट आवळते आणि फुगायला वेळ लावते. तुमची सैल पडून बसली आहे, म्हणजे जास्त फुगली. रंग बघा, त्यातच उत्तर आहे. पाव तांबूस होतो तो उरलेल्या साखरेवर. दीड तासात यीस्टने ती बरीचशी खाऊन टाकली, मग पांढरटच राहणार. ताडीसारखा वास त्याचाच.

‘कोमट दूध, दीड तास’ हे माप २०-२२ अंशांच्या घरासाठी लिहिलेलं असतं. ३८ अंशांत गोळा ३०-३५ मिनिटांत दुप्पट होतो. मळून झालेल्या कणकेचं तापमान २६ च्या आसपास हवं. हिशेब सोपा आहे: खोली, पीठ आणि पाणी अशा तीन गोष्टी, म्हणून २६ गुणिले ३ म्हणजे ७८. त्यातून खोलीचे ३८, पिठाचे ३६, हाताने मळण्याचे २ वजा करा. उरले २. म्हणजे पाणी २ अंशांचं, सरळ बर्फाचं पाहिजे. बर्फ त्याच १९५ ग्रॅममध्ये मोजून धरा, वरून टाकू नका. नाहीतर मैदा रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा. पीठ ८ अंशांवर आलं की पाणी ३० चं चालतं, म्हणजे माठातलं.

यीस्ट २ ग्रॅमवर आणा. घड्याळ बघू नका. मळलेल्या कणकेतला लिंबाएवढा तुकडा उभ्या काचेच्या ग्लासात दाबून बसवा, वरच्या पातळीला रबर लावा आणि ग्लास गोळ्याशेजारीच ठेवा. ग्लासात दुप्पट झालं की गोळाही झाला. परातीत पसरलेला गोळा नजरेला नेहमी फसवतो.

साच्यातल्या पावावर ओलं बोट हलकं टेकवा. खळगा सावकाश अर्धा भरला तर लगेच भट्टीत. टुणकन भरला तर अजून थांबा. तसाच राहिला तर वेळ गेली. तेव्हा हवा काढून एकदा परत वळता येतं, पण वास आला असेल तर ते पीठ पावाला लावू नका. लाटून तव्यावर कुलच्यासारखं भाजा.

गिरणीशेजारी
वरचं सगळं बरोबर, पण ज्वारीवर कोणी बोललंच नाही. मालदांडी ज्वारी कितीही गोड असली तरी तिच्यात चिवटपणा नाही, हवा धरून ठेवणारं जाळं मैद्याचंच. पीठातला चौथा हिस्सा कोरडी ज्वारी म्हणजे त्या जाळ्याला भोकं. ४० ग्रॅमवर थांबा, मैदा २६० करा आणि ज्वारीची उकड काढा. भाकरीला काढतो तशीच: ४० ग्रॅम पिठावर ८० ग्रॅम खळखळतं पाणी, ढवळून झाकण. पूर्ण गार झाल्यावरच मैद्यात कालवा, गरम गेली तर यीस्ट मरेल. हे ८० ग्रॅम १९५ मधून वजा करा. उकड फ्रीजमध्ये गार केली तर कणीकही थंड राहते आणि पाव दुसऱ्या दिवशी कोरडा पडत नाही.

आणि दळण आणल्याबरोबर वापरू नका. गिरणीतून पीठ गरम येतं, वरचा सगळा हिशेब कोलमडतो.

पीठमीठ
सकाळी नाश्त्याला हवेत. रात्री मळलं तर? आणि तळाचा चिकट थर?

भट्टीपाशी
रात्री मळायचं तर यीस्ट १ ग्रॅम. मळून २० मिनिटं बाहेर, मग घट्ट झाकून फ्रीजमध्ये ८ ते १० तास. सकाळी गारच कणकेचे ६०-६० ग्रॅमचे ९ गोळे करून २० सेंमीच्या चौकोनी साच्यात लावा. साधारण ४०-५० मिनिटांत एकमेकांना टेकतात, पण निर्णय बोटानेच घ्या.

चिकट थर दोन कारणांनी. एक, बसलेला पाव तळाशी दाबला जातो. दुसरं, ओटीजी. लाल दिवा विझला म्हणजे आत २०० झाले असं बऱ्याच यंत्रांत नसतं. आत ठेवायचा वेगळा थर्मामीटर घ्या, १५ मिनिटं आधी तापवा, वरखाली दोन्ही रॉड चालू, जाळी मधोमध. वरून दुधाचा हात, १८ ते २० मिनिटं. मधल्या पावाच्या पोटात ९३ अंश झाले की काढा. साच्यात ५ मिनिटांपेक्षा जास्त ठेवू नका, वाफेने बूड ओलं होतं. जाळीवर काढून लोणी लावा आणि सुती फडक्याने झाका.

गिरणीशेजारी
बसलेली लादी टाकू नका. बोटभर जाड काप करून १२० अंशांवर ४०-४५ मिनिटं, मध्ये एकदा उलटून. चहात बुडवायला टोस्ट होतात. आंबूसपणा थोडा राहतो, पण शेंगाचटणी लावली की कळत नाही.