भीती चित्राची नव्हे, आवाजाची

टीव्हीवरच्या लोगोंना घाबरणाऱ्या मुलांबद्दल कुणीतरी म्हटलंय, "लहान मुलं कशालाही घाबरतात, लोगोत भीतीदायक काही नसतं." ते मला पटत नाही. गोव्यात माशेलला आजोळी दूरदर्शनची ती फिरत फिरत डोळा होणारी आकृती सुरू झाली, की मी आजीच्या लुगड्यामागे लपायचे. कान झाकले की मात्र बघू शकायचे! ती धून पंडित रविशंकरांची, आज ऐकताना सुंदर वाटते. पण पावसाळ्यात, काळोखी माजघरात ती संथ सुरावट अंगावर काटा आणायची.

अमेरिकेतही हेच. मालिका संपल्यावर ती बनवणाऱ्या कंपनीचा लोगो झळकायचा; त्यातल्या स्क्रीन जेम्स या कंपनीच्या १९६५च्या लोगोला तिथले लोक 'नरकातला एस' म्हणतात. त्याचे सूर एरिक सिडे यांनी इलेक्ट्रॉनिक वाद्यावर केलेले. असा आवाज तेव्हा घरोघरी ओळखीचा नव्हता. व्हायाकॉम या दुसऱ्या टीव्ही कंपनीचा १९७६चा 'व्ही' तर सरळ आपल्या अंगावर चालून येतो. झपाट्याने मोठी होत येणारी वस्तू दिसली की तान्हं बाळसुद्धा डोळे मिटतं, मग पाच वर्षांच्या पोराने काय करावं?

शिवाय मालिका संपून ओळखीची माणसं गेलेली असतात. पडद्यावर माणूस नाही, नुसतं चिन्ह आणि मोठा आवाज. त्या मुलांना भित्री म्हणू नका.