पेनड्राइव्हवर फाइली उतरवताना लिनक्स अडखळते

खानापूरकर : लिनक्स या संगणकप्रणालीवर गणेशोत्सवाच्या ध्वनिचित्रफिती पेनड्राइव्हवर उतरवताना, १६ जीबी रॅम असूनही, माउसचा बाण जागीच थिजतो आणि काम किती झाले ते दाखवणारी पट्टी शंभर टक्के झाली तरी पेनड्राइव्हचा दिवा लुकलुकतच राहतो. उपाय काय?

निपाणीकर : पट्टी फसवी आहे. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, लिहायचा मजकूर आधी रॅममध्ये साठवते आणि मग सवडीने पेनड्राइव्हवर उतरवते. अशा साठ्याची मर्यादा ठरवणारे सेटिंग, व्हीएम.डर्टी_रेशो, सहसा उपलब्ध मेमरीच्या २० टक्के असते, त्यामुळे संथ पेनड्राइव्हमागे दोन-तीन जीबी तुंबतात आणि इतर प्रोग्रामही लिहिण्यासाठी ताटकळतात. त्याऐवजी हीच मर्यादा बाइटमध्ये देणारे व्हीएम.डर्टी_बाइट्स ६७१०८८६४, म्हणजे ६४ एमबी, आणि किती साठल्यावर मागच्या मागे लिहिणे सुरू करायचे ते ठरवणारे व्हीएम.डर्टी_बॅकग्राउंड_बाइट्स १६७७७२१६, म्हणजे १६ एमबी, ठेवून पाहावे.

बेळगावकर : सहमत; मात्र रॅममध्ये उरलेला मजकूर लिहून काढणारी ‘सिंक’ ही आज्ञा द्यावी आणि ती पूर्ण होईपर्यंत पेनड्राइव्ह उपसू नये. आमच्याकडे वीज जाते तेव्हा तर नाहीच.

खानापूरकर : आभारी आहे. बाण आता हलतो, वेळ मात्र तेवढाच लागतो.