नटीवरच्या चित्रपटात नाट्यपदं सेटवरच गाऊन घ्यावीत का?

तिसरी घंटा
संगीत नाटकातल्या नटीचं आयुष्य पडद्यावर आणायचं तर तिची पदं सेटवरच गाऊन तिथेच ध्वनिमुद्रित करावीत, असं माझं ठाम मत. त्या काळी माइक नव्हता, पिटातल्या शेवटच्या बाकापर्यंत आवाज पोचवावा लागे. त्यासाठीचा दम, गळ्याच्या ताणलेल्या शिरा, समेवर यायच्या आधी भरून घेतलेला श्वास हे स्टुडिओतल्या गाण्यावर ओठ हलवून येत नाही. तान चाललीय आणि बाईंचा जबडा ढिम्म, हे किती वेळा बघायचं? वर त्या गाण्याला देवळात घुमावा तसा घुमारा दिलेला असतो. भरलेल्या थिएटरात माणसं आणि कापडी पडदे आवाज शोषतात, तिथे तो बराच कोरडा लागतो.

काळी दोन
अहो, गाणारी नटी आधी मिळवा तरी! मिळाली तरी चार टेकमध्ये लय चार तऱ्हेची, हरकती वेगळ्या. संकलक ते जोडणार कसे? आलाप दोनदा सारखा येत नाही, येऊही नये. २०११ च्या 'बालगंधर्व'मध्ये सुबोध भावे दिसले, आवाज आनंद भाटेंचा. काय अडलं?

तिसरी घंटा
तीन कॅमेरे एकदम लावा आणि पद सलग घ्या. जोडायचा प्रश्नच येत नाही.

काळी दोन
तीन कॅमेऱ्यांना चालेल असा प्रकाश म्हणजे सगळं सपाट. तळदिव्यांचा खालून चेहऱ्यावर येणारा उजेड गेला की तो काळही गेला.

पायपेटी
पार्श्वगायन फसतं ते बहुतेक वेळा आळसामुळे. कॅमेरा सेकंदाला २३.९७६ फ्रेमवर चालवला आणि संकलनात तेच चित्र २४ वर धरलं, तर तीन मिनिटांच्या पदात चार फ्रेमचा फरक पडतो आणि ओठ सुटतात. दुसरं, सेटवर ते गाणं वाजवणारा स्पीकर नटीपासून १७ मीटरवर असेल तर आवाज एक-विसांश सेकंद उशिरा पोचतो, म्हणजे एक फ्रेम गेलीच. तो विंगेत, दोन-तीन मीटरवर ठेवावा. आणि नटीने ट्रॅकवर खुल्या आवाजात गायचंच, बेसूर का होईना. तो आवाज वापरायचा नसतो, पण जबडा, गळा, छाती आपोआप जागेवर येतात.

विंगेतून
तुम्ही सगळे गळ्यावरच अडलात. पद किती वेळाचं, हे कुणी विचारलं का? चाली उचलतात मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकडीवरून, तिच्या एका बाजूला मावतात जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं. रंगमंचावर तेच पद वन्समोअर घेत लांबायचं, आणि त्या लांबण्यातच नटीची दमछाक दिसते. शिवाय सगळ्या नट्या ताना घेत नव्हत्या. १९३३ च्या 'आंधळ्यांची शाळा' नाटकात ज्योत्स्ना भोळे गायल्या ती पदं मोजकी, भावगीताच्या अंगाची. तिथे सेटवर गाऊन घेणं सहज जमेल. 'स्वयंवर' नाटकातल्या रुक्मिणीच्या तानांच्या पदांना तोच नियम लावाल तर पस्तावाल.

तिसरी घंटा
रुक्मिणीलाच तर लावायला हवा! सोप्या पदात गाणारीचा कस लागतो कुठे?

पायपेटी
लावा खुशाल, पण साथीला संगीत नाटकात असायचा तसा ऑर्गन असू द्या. वाजवणारा खुर्चीवर, दोन्ही पाय भात्यावर, हात दोन्ही मोकळे. मांडी घालून हाताने भाता मारायची पेटी दिसली की पुढचं गाणं कोण गातंय याच्याशी मला देणंघेणं नाही.